टायर आधी, हार नंतर

मी मूळची कराडची. कोल्हापूर नाक्याला, हायवेच्या कडेलाच आमच्या आबांचं टायर रिमोल्डचं दुकान होतं, म्हंजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं, आन् आई माझी लवकर गेली, घरात दुसरं कोण न्हाई, म्हणून शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट दुकानात. जळक्या रबराचा वास माझ्या केसांना असायचा, वर्गातल्या पोरी नाक धरायच्या, धरू देत. आबा गिऱ्हाइकाला पहिलं काय विचारायचे सांगू का, कुठं जाणार. बाकी सगळं मागनं. साताऱ्याला जाणारा असला तर निराळा टायर, आन् कुंभार्ली घाटानं खाली चिपळूणला जाणारा असला तर मागच्या चाकाला निराळा. टायर रस्ता बघून घ्यायचा असतो, किंमत बघून न्हाई, हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकले म्हणा ना.

मग लग्न झालं आन् इथं आले, नॉटिंगहॅमला. आता पंचवीस वर्षं कधीच होऊन गेली. आमचे हे, दत्ता त्यांचं नाव, हे इथं लहानपणीच आलेले, आईबाप गेल्यावर त्यांच्या चुलत्यांनी आणलेले. चुलते म्हंजे आण्णा. आण्णांनी आधी बस गॅरेजात काम केलं, मग एक जुनी लॉरी घेतली, मग दुसरी, असं करत करत स्वतःचं यार्ड उभं केलं. गुरामेंढरांचं खाद्य पोचवायचं काम, डर्बीशरच्या डोंगरात वर वर फार्म हायेत ना, तिथपर्यंत. आण्णांचा सख्खा मुलगा अशोक, आन् पुतण्या आमचे हे. दोघं एका ताटात जेवलेले. पण एक मालकाचा पोरगा आन् एक डायव्हर, हे काय ताटात बसून बदलत न्हाई, हे मला आल्या आल्या कळलं, ह्यांना अजून कळलेलं न्हाई.

आण्णांना एकदा मी यार्डात उभ्या उभ्या सांगितलं, त्या कोपऱ्यातल्या लॉरीचा आतला टायर आतल्या अंगानं झिजलाय, काढा. ते बघत राहिले. म्हणले, पोरी तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, कराडला शिकले. तेव्हापासनं टायरचं सगळं माझ्याकडं. दर वर्षी दसऱ्याच्या आधी आण्णा मला घेऊन बर्मिंगहॅमला जायचे, तिथं होलसेलचं मोठं दुकान, आन् आम्ही दोघं टायर निवडायचो. आण्णा कोट घालून यायचे, सोनं घ्यायला निघाल्यासारखे.

आता तुम्हाला वाटंल टायर म्हंजे टायर, काळा आन् गोल. तसं नसतंय. उन्हाळ्याचं रबर असतं ना, ते थंडीत खोबरेल तेलासारखं थिजतं, कडक होतं, मग रस्त्याला धरत न्हाई. बर्फाचा टायर म्हंजे मऊ रबर, नखानं दाबलं तर कळतं, आन् त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. त्याच्या अंगावर डोंगराचं चित्र असतं, तीन शिखरं आन् मधे बर्फाची चांदणी. ते चित्र असलं तरच तो बर्फात तपासलेला. नुसतं एम आन् एस लिहिलेलं असतं काही टायरवर, एम म्हंजे मड, चिखल, आन् एस म्हंजे स्नो, पण ते कंपनी आपलं आपण लिहिते, त्याला परीक्षा न्हाई. आन् सगळ्या लॉऱ्यांना लागत न्हाई हे टायर, हेही सांगते, उगाच माझं घोडं पुढं दामटत न्हाई. मोटरवेवर साउथहॅम्प्टनला बंदराकडं जाणाऱ्या लॉरीला कशाला पायजे, तिथं मीठ टाकलेलं असतं, रस्ता काळा असतो. डोंगरात जाणाऱ्या दोनच लॉऱ्या आमच्या. त्या दोघींची मागची चाकं, जी इंजिनावर फिरतात, एका अंगाला दोन-दोन जोडीनं, एक बाहेर एक आत, तेवढीच. तेवढंच मी मागत होते. लक्षात ठेवा, तेवढंच.

तर आण्णांची पद्धत अशी. दसऱ्याला यार्डात लॉऱ्यांची पूजा. लेस्टरहून झेंडू यायचा, आपट्याची पानं इथं कुठली मिळणार, इथल्या मराठी मंडळातल्या बायका सोनेरी कागदाची कापायच्या. पण पूजेच्या आधी नवे टायर बसलेले पाहिजेत. आण्णा म्हणायचे, टायर आधी, हार नंतर. घरातली थोरली सून म्हणून मी प्रत्येक लॉरीच्या मागच्या चाकाला पहिलं हळदीकुंकू लावायचं, मग हार, मग नारळ, मग चाकाखाली लिंबू. आन् जिच्या चाकाला कुंकू न्हाई ती लॉरी हिवाळाभर डोंगरात जायची न्हाई. हा कायदा होता यार्डातला. टेरी म्हणून म्हातारा इंग्रज डायव्हर हाय आमच्यात, नॉटिंगहॅमचाच, सगळ्यांना डक म्हणतो, म्हंजे बदक, इथं लाडानं म्हणतात तसं, मलाही डक, त्याला सुद्धा हे पाठ. दसऱ्याला तो विचारायचा, डक, माझ्या लॉरीला रेड डॉट लावलास का.

आण्णा गेले. तेरावं झालं आन् अशोकनं ऑफिसातली खुर्ची बदलली. बाकी मग सावकाश सगळंच बदललं. पूजा मात्र वाढली बगा. आण्णांच्या वेळी आम्ही घरचे आन् डायव्हर एवढेच असायचो, आता मंडळाचे अध्यक्ष येतात, ढोल येतो, फोटोवाला येतो, जेवणाला पुरणपोळीचं केटरिंग. आन् टायर? टायरचं काय विचारता. पहिल्या वर्षी म्हणला, वहिनी, आता यूकेमध्ये कुठे एवढी बर्फ पडतो. दुसऱ्या वर्षी म्हणला, मी टायर बघितली, त्याच्यावर स्नो लिहिला आहे, तो चालेल. मी म्हटलं, अशोकभावजी, लिहिलेलं वाचून टायर चालत न्हाई. तर हसला. जन्म इथला त्याचा, मराठी असंच तोडकंमोडकं, त्याचा मला राग न्हाई. राग कशाचा हाय ते सांगते.

त्या वर्षी, म्हंजे गेल्याच्या गेल्या दसऱ्याला, मी आधीच हट्ट धरला. म्हटलं, टायर न्हाई तर मी पूजेला येणार न्हाई. तर लगेच हो म्हणला. म्हणला, वहिनी, तुम्ही चॉइस करा. मी बर्मिंगहॅमला गेले एकटी, निवडले, चित्र बघितलं, नख लावून बघितलं, दुकानवाल्याला सांगितलं हे ठेव बाजूला. घरी येऊन ह्यांना म्हटलं, सुटले एकदाची. त्या आठवड्यात मला झोप इतकी चांगली लागली की काय सांगू तुम्हाला.

दसऱ्याच्या दिवशी यार्डात गेले तर लॉऱ्या धुतलेल्या, टायर काळेभोर, चकाकतायत. ढोल चाललेला. अध्यक्षांनी भाषण केलं, परदेशात राहून संस्कृती जपणारं घराणं वगैरे. मी नऊवारी नेसले होते, पुढं झाले, वाकले, आन् डोंगरातल्या पहिल्या लॉरीच्या मागच्या चाकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. बोट उचललं तर बोट काळं. नवा टायर कधी बोटाला काळं लावत न्हाई हो. नव्या टायरला बारीक रबराची लव असते, हाताला टोचते, ती एक न्हाई. मी दोन्ही हात फिरवले. जुनेच टायर होते. पॉलिश मारलेलं होतं. माझ्यासाठी मारलं होतं, दुसरं कोण बघणार होतं तिथं. देवाच्या पूजेला जुना टायर पॉलिश करून बसवला आन् माझ्याच हातानं त्याला कुंकू लावून घेतलं.

मी तिथंच उभी राहिले आन् मोठ्यानं म्हटलं, हे जुने टायर हायेत. ढोल थांबला. अशोक जवळ आला, हळू बोलला, वहिनी, ऑर्डर केली आहे, डिलिव्हरी लेट आहे, प्लीज, सगळे बघते. मी म्हटलं, मग आज पूजा थांबव, टायर आल्यावर करू. अध्यक्ष मधे पडले, म्हणले, वहिनी, सणाच्या दिवशी असं नको, शेवटी भाव महत्त्वाचा. भाव! मी त्यांना म्हटलं, तुमच्या भावानं चढावर चाक धरतंय का ते बघून या आधी. बायका माझ्याकडं बघायला लागल्या, हिला काय वेड लागलंय का. आन् आमचे हे माझ्या कोपराला धरून म्हणतायत, वंदना, घरी बोलू, घरी बोलू. मी कुंकवाचा करंडा तिथं बॉनेटवर ठेवला आन् चालत निघाले. पुढचं कुंकू कुणी लावलं? अशोकच्या बायकोनं लावलं. हारही घातले, पॉलिश केलेल्या टायरांना. फोटो हायेत मंडळाच्या ग्रुपवर, अजून कुणी काढून टाकलेले न्हाईत.

टायर काही आले न्हाईत. ऑर्डरच नव्हती. दुकानवाल्याला मी फोन केला तर म्हणला, तुम्ही बाजूला ठेवलेले मी विकले, तुमच्याकडनं काही कळलंच न्हाई.

घरी मी ह्यांच्याशी भांडले. रोज भांडले. म्हटलं, सोडा हे काम, दुसरीकडं लॉरी चालवा, डायव्हर लोकांना काय तोटा हाय ह्या देशात. तर ह्यांचं एकच, आण्णांनी मला वाढवलं, त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. मी म्हटलं, मीठ खाल्लंय ना, मग जीव कशाला द्यायला पायजे मिठापायी. गप्प बसले. ह्यांचं गप्प बसणं म्हंजे असं की समोरच्यानं भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

मग जानेवारीत बर्फ पडला. सकाळी खिडकीतनं बघितलं तर गाड्या पांढऱ्या. रेडिओवर सांगत होते डोंगरातले रस्ते जपून. अशोकचा फोन आला ह्यांना, फार्मवरनं निरोप हाय, खाद्य संपलंय, मेंढ्या गाभण हायेत, आज पोचलं पायजे. मी फोन हातातनं काढून घेतला, म्हटलं, टायर कुठं हायेत. म्हणला, वहिनी, दादाला नाही जायचं तर मी टेरीला पाठवते. बगा कसं बोलला. टेरीचं वय झालेलं, ह्यांना ते ऐकवलं की हे उठणारच, त्याला माहीत होतं. हे बूट घालायला लागले. मी दारात उभी राहिले. मला म्हणाले, वंदना, जाताना भरलेली लॉरी असते, वजनानं धरते, काही होत न्हाई. मी म्हटलं, आन् येताना? येताना काय धरणार? माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् मला बाजूला करून गेले.

तसंच झालं. जाताना धरली, वजनानं. फार्मवर खाद्य उतरवलं, त्या शेतकऱ्यानं चहा दिला. येताना लॉरी रिकामी, फार्मपासनं मोठ्या रस्त्याला यायला अरुंद चढ हाय, दोन्ही बाजूला दगडी गडगे, आन् मधल्या वळणावर मागची चाकं जाग्यावर फिरायला लागली. जाग्यावर. पुढं न्हाई. मग लॉरी मागं यायला लागली, ब्रेक दाबलेला तरी येतच राहिली, आन् गडगा फोडून खालच्या शेतात आडवी झाली. शेतकऱ्यानं बघितलं म्हणून वाचले. भर दुपारी, लख्ख उजेडात. ह्यांचा खुबा मोडला आन् पाठीचा मणका. डॉक्टर म्हणले, थोडं आणखी वर लागलं असतं तर तुम्ही इथं बसून माझ्याशी बोलत नसता, दुसरीच कागदपत्रं करत असता.

तपासाला आले होते लोक. टायर मोजले. म्हणले, कायद्याला पुरेशी नक्षी शिल्लक हाय, ह्या देशात लॉरीला बर्फाचा टायर सक्तीचा न्हाई. झालं. कायद्याला ते टायर चालतात, चढाला चालत न्हाईत, पण चढाला कोण विचारतो. अशोकनं बाहेर सगळ्यांना सांगितलं, दादानं ब्रेक चुकीचा मारला. ह्यांनी, ज्यांनी उभं आयुष्य त्या डोंगरात लॉरी घातली, ह्यांनी ब्रेक चुकीचा मारला.

हॉस्पिटलात आला तो, हातात फळांची टोपली, वर सेलोफेन. म्हणला, वहिनी, घरातली गोष्ट आहे, टायरचं बाहेर नको बोलू. मी ती टोपली उचलून त्याच्या हातात परत दिली आन् म्हटलं, अशोक, भावजी म्हणायचं आजपासनं बंद. पलंगावर हे डोळे मिटून पडलेले. जागे होते. मला माहीत हाय जागे होते.

आन् संक्रांत तोंडावर. मंडळाच्या बायका तिळगूळ घेऊन घरी आल्या, मोठ्या मनानं, तिळगूळ घ्या गोड बोला. म्हणल्या, झालं गेलं विसरून जा, देवानं तुझं कुंकू राखलं. मी म्हटलं, देवानं राखलं, मान्य, पण घालवायला कोण निघालं होतं ते बोला की. वड्या ताटलीत ठेवून गेल्या. मला त्या दिवशी एकच वाटत होतं, की ह्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर ह्याच बायकांनी पुढच्या दसऱ्याला मला त्या करंड्याला हात लावू दिला नसता. ज्या चाकानं माझं कुंकू पुसलं असतं त्या चाकाला दुसरीनं कुंकू लावलं असतं आन् मला मागं खुर्ची दिली असती. ह्याचा राग येतो मला. अजून येतो, बोलता बोलता येतो.

टेरी मात्र भला माणूस. त्यानं काय केलं, तो अशोकला सरळ म्हणला, डकनं रेड डॉट लावल्याशिवाय मी डोंगरात जाणार न्हाई. पॉलिश केलेल्या त्या दिवशी मी निघून गेले होते, हे त्यानं बघितलेलं. त्याचं ऐकून बाकीचेही तसंच म्हणायला लागले. ह्यातल्या कुणाचा आपल्या देवाशी काही संबंध न्हाई, पण माझा हात टायरवरनं फिरलाय का, एवढं त्यांना कळतं. अशोकनं दटावून बघितलं, दुसरे डायव्हर बघितले, बर्फात कोण येतंय. फार्मवाले बोंब मारायला लागले.

मग ह्या दसऱ्याला तो बायकोला घेऊन घरी आला. सोफ्याच्या काठावर बसला. म्हणला, वहिनी, आण्णाची पद्धत आहे, तुम्ही आला पाहिजे. मी म्हटलं, आण्णांची पद्धत काय होती ती पुरी म्हण. त्याला येत होती. खाली बघून म्हणला, टायर आधी, हार नंतर. मी म्हटलं, मग येते.

गेले. ढोल होता, अध्यक्ष होते, सगळे होते. नऊवारी नेसले न्हाई ह्या वेळी, कामाची पँट घातली आन् डोक्याला रुमाल, कारण मला खाली निजून आतली चाकं बघायची होती. पहिल्या लॉरीखाली गेले. मऊ रबर, लव टोचली हाताला, तीन शिखरं आन् चांदणी. खरं सांगते, मला रडू आलं लॉरीखाली, चांगला टायर बघून. बाहेर येऊन कुंकू लावलं. मग दुसऱ्या लॉरीकडं गेले. दुसरीच्या बाहेरच्या चाकांना नवे, आन् आतल्या चाकांना तेच जुने, पॉलिश मारलेले. त्याला वाटलं, वहिनी वाकून वाकून किती वाकणार.

मी उठले, कपडे झाडले, करंड्याचं झाकण लावलं. अशोक म्हणला, वहिनी, प्लीज, लोक बघते. मी म्हटलं, बघू देत, त्यासाठीच तर बोलावलंस त्यांना. अध्यक्ष ह्या वेळी नुसते नारळ हातात धरून उभे राहिले. ती लॉरी तशीच राहिली, हाराशिवाय. अजून यार्डाच्या भिंतीला उभी हाय. मोटरवेला पण तिला कोण नेत न्हाई आता.

आमचे हे काठी घेऊन चालतात, जिना चढायला मला हाक मारतात. लॉरी काही आता चालवणार न्हाईत. मी त्यांना माफ केलंय का, विचारू नका, अर्धं केलंय. अशोकविषयी अजून म्हणतात, तो मनानं वाईट न्हाई गं. असेल बाबा. मनाला काय टायर बसवायचेत.

आज सकाळपासनं भुरभुर बर्फ पडतोय, तुम्ही आलात तेव्हा बघितलंच की. टेरी मघाशी इथनं गेला डोंगराकडं, हॉर्न वाजवला. हे खिडकीत बसले होते, मान न वळवता मला म्हणाले, कुठल्या लॉरीनं गेला. मी म्हटलं, कुंकवाच्या. हां म्हणाले आन् चहा प्यायला लागले. एका हिवाळ्यात एवढं बोलले तरी मला पुष्कळ.

टेरी सुखरूप जावो, सुखरूप येवो. अशोकचंही देव भलं करो, मी काय कुणाचं वाईट चिंतायची न्हाई, आण्णांचं रक्त हाय ते. पण देवानं घाई करू नये. आधी अशोकनं ती आतली चाकं बदलावीत.